‘द प्राइड ऑफ द यांकीज’ (१९४२) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लू गेरिग या बेसबॉलपटूच्या आयुष्यावरचा हा कृष्णधवल चित्रपट. जुने हॉलिवूडपट आवडीनं बघणाऱ्या मंडळींना त्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात, त्यांची उत्तरं इथं एकत्र केली आहेत. कथेचा शेवट पहिल्या खेळाच्या प्रेक्षकांनाही ठाऊक होता, त्यामुळे काहीही लपवून ठेवलेलं नाही.

चित्रपट थोडक्यात कशाबद्दल आहे?

न्यू यॉर्कमधल्या गरीब जर्मन स्थलांतरितांच्या घरातला एक लाजाळू, दणकट मुलगा. शिकून इंजिनियर व्हावं ही आईची इच्छा, आणि मुलाचा जीव बेसबॉलमध्ये. तो न्यू यॉर्क यांकीज संघात जातो, संघाचा आधार होतो, प्रेमात पडतो, लग्न करतो, चौदा वर्षं एकही सामना चुकवत नाही आणि ऐन उमेदीत असाध्य दुखण्यानं खेळातून उठतो. निरोपाच्या दिवशी भरलेल्या स्टेडियमसमोर तो चार शब्द बोलतो आणि चित्रपट संपतो.

दिग्दर्शक सॅम वुड, निर्माता सॅम्युएल गोल्डविन. लूच्या भूमिकेत गॅरी कूपर, त्याच्या बायकोच्या म्हणजे एलेनॉरच्या भूमिकेत टेरेसा राइट. मूळ कथा पॉल गॅलिको या क्रीडापत्रकाराची, पटकथा जो स्वर्लिंग आणि हर्मन मँकिविक्झ यांची. आदल्याच वर्षी आलेल्या ‘सिटिझन केन’च्या पटकथेतही मँकिविक्झचा हात होता. लांबी दोन तास आठ मिनिटं.

खरा लू २ जून १९४१ रोजी गेला आणि चित्रपट जुलै १९४२ मध्ये पडद्यावर आला. म्हणजे वर्षश्राद्ध होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. हे ध्यानात ठेवून चित्रपट बघितला, तर त्याचा हळुवारपणा कुठून आला हे कळतं. ज्याच्याबद्दल सांगायचं तो माणूस लोकांच्या डोळ्यांसमोर होता, त्याची बायको, आईवडील, संघातले सोबती सगळे हयात होते.

मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. तरी बघू का?

जरूर बघा. चित्रपटात बेसबॉल बेताचाच आहे. गोल्डविनला स्वतःला या खेळाची फारशी जाण नव्हती, आणि खेळाशी काही देणंघेणं नसलेल्या प्रेक्षकांनाही थिएटरात आणायचं हे त्यानं पक्कं ठरवलं होतं.

एवढं माहीत असलं तरी पुरे. फलंदाजानं चेंडू मारायचा आणि पहिला, दुसरा, तिसरा बेस अशी फेरी घालून पुन्हा घरच्या जागी, म्हणजे होमला, यायचं. चेंडू कुंपणापलीकडे प्रेक्षकांत गेला की होमरन. आपला षटकारच, पण इथं फेरी पुरी पळावी लागते. तीन स्ट्राइक झाले, म्हणजे मारण्याजोगा चेंडू तीनदा हुकला, की फलंदाज बाद. हा शेवटचा नियम लक्षात असू द्या, कारण चित्रपटातला सर्वांत जीवघेणा संवाद त्याच्यावरच बेतलेला आहे. लू पहिल्या बेसवर क्षेत्ररक्षण करायचा.

आणखी सोपा मार्ग हवा असेल तर डिस्नेचा ‘हाउ टु प्ले बेसबॉल’ हा गूफीचा छोटा कार्टूनपट बघा. तो गोल्डविनच्याच सांगण्यावरून, याच चित्रपटाच्या जोडीला दाखवण्यासाठी काढला होता. सात-आठ मिनिटांत हसत हसत नियम कळतात.

लू गेरिग खरोखर इतका मोठा खेळाडू होता का?

होता. आणि त्याचं मोठेपण कोणत्या जातीचं होतं हे कळलं की चित्रपट अर्धा कळला.

१ जून १९२५ रोजी तो बदली फलंदाज म्हणून मैदानात उतरला. दुसऱ्या दिवशी वॉली पिपच्या जागी त्याला पहिल्या बेसवर उभं केलं. तेव्हापासून एप्रिल १९३९ संपेपर्यंत यांकीजच्या प्रत्येक सामन्यात तो खेळला. सलग २१३० सामने. त्या काळी एका हंगामात १५४ सामने असायचे आणि हंगामात जवळजवळ रोजच खेळ. ताप, कंबरदुखी, डोक्याला लागलेला चेंडू, मोडलेली बोटं, कशानंही खंड पडला नाही. पुढे त्याच्या हातांचे एक्स-रे काढले तेव्हा मोडून आपोआप जुळलेली कितीतरी हाडं दिसली. ‘आयर्न हॉर्स’ हे नाव त्याला उगीच पडलं नव्हतं.

सुनील गावसकर सलग १०६ कसोटी सामने खेळले, त्याचं आपल्याकडे केवढं अप्रूप होतं! खेळ वेगळा, हिशोब वेगळा, पण रोज उठून सलामीला जायचं म्हणजे अंगाला आणि मनाला काय पडतं, याची कल्पना त्यावरून येईल.

बाकी आकडेही भक्कम आहेत. कारकिर्दीत ४९३ होमरन. फलंदाजीची सरासरी .३४०, म्हणजे शंभरातल्या चौतीस वेळा यशस्वी फटका. १९३४ मध्ये आपल्या लीगमध्ये सरासरी, होमरन आणि संघाला मिळवून दिलेल्या धावा या तिन्हींत तो पहिला होता. यांकीजनं त्याच्या काळात सहा वेळा वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाचं अंतिम विजेतेपद, जिंकली.

तरीही तो कायम कुणाच्या तरी सावलीत राहिला. आधी बेब रूथच्या, नंतर जो डिमॅजिओच्या, दोघेही यांकीजचेच तारे. ३ जून १९३२ रोजी त्यानं एकाच सामन्यात चार होमरन मारले. नेमकं त्याच दिवशी न्यू यॉर्क जायंट्स या दुसऱ्या संघाचं मॅनेजरपद तीस वर्षं सांभाळणारे जॉन मॅग्रॉ पायउतार झाले आणि वर्तमानपत्रांचे मथळे त्यांच्याकडे गेले. लूनं याबद्दल कधी तक्रार केली नाही. चित्रपटाचा नायक म्हणून असा माणूस उभा करणं फार अवघड. ज्याच्यात भांडण नाही, बढाई नाही, व्यसन नाही, त्याची गोष्ट दोन तास सांगायची कशी? सॅम वुडनं ती सांगितली आहे, आणि माझ्या मते हीच या चित्रपटाची खरी कमाई आहे.

खेळ न कळणाऱ्या गोल्डविननं हा चित्रपट का काढला?

त्याला आधी तो काढायचाच नव्हता. बेसबॉलवरचे चित्रपट चालत नाहीत, असा तेव्हाच्या हॉलिवूडमध्ये सर्रास समज होता. गोल्डविनच्या कंपनीत कथा निवडण्याचं काम नाइव्हन बुशकडे होतं. त्यानं लूच्या निरोप समारंभाचे न्यूजरील, म्हणजे बातमीपट, गोल्डविनला दाखवले. दिवे लागले तेव्हा गोल्डविनच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यानं ते पुन्हा लावायला सांगितलं, अशी हकिकत आहे. म्हणजे चित्रपटाची सुरुवातच त्याच्या शेवटापासून झाली. आधी भाषण ठरलं, मग त्या भाषणापर्यंत नेणारं आयुष्य लिहिलं गेलं. चित्रपट बघताना हे जाणवतं.

काळही तसाच होता. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली होती. सुरुवातीला पडद्यावर डेमन रन्यन या लेखकाचा मजकूर येतो. त्यात लूच्या धैर्याची तुलना रणांगणावरच्या तरुण अमेरिकी सैनिकांच्या धैर्याशी केली आहे. घरोघरची मुलं लढाईवर निघाली होती. मरण समोर दिसत असताना माणसानं कसं वागावं, हा प्रश्न त्या प्रेक्षकांच्या घरातला होता.

गॅरी कूपर उजव्या हाताचा आणि गेरिग डावखुरा. मग फिल्म उलटी छापली होती हे खरं का?

या चित्रपटाबद्दलची सर्वांत लाडकी दंतकथा हीच. कूपरला डाव्या हातानं खेळता येईना, म्हणून त्याला अक्षरं उलटी शिवलेला शर्ट घातला, फटका मारून पहिल्याऐवजी तिसऱ्या बेसकडे पळवलं आणि मग फिल्म उलटवून छापली, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं.

बेसबॉल हॉल ऑफ फेममधले संशोधक टॉम शीबर यांनी २०१३ मध्ये हे प्रकरण चित्रपटाची दृश्यं बारकाईनं तपासून पाहिलं. निष्कर्ष असा, की यांकीजच्या पोशाखातला कूपर खरोखरच डाव्या बाजूनं फलंदाजी करतो आहे. उलटवण्याची युक्ती वापरली असलीच तर ती फेकीच्या मोजक्या दृश्यांपुरती. लांबून घेतलेल्या शॉटमध्ये बेब हर्मन हा जुना डावखुरा खेळाडू कूपरच्या जागी आहे.

कूपर माँटानात वाढला आणि चित्रपटाआधी बेसबॉल जवळपास खेळलाच नव्हता. त्याला शिकवायला लेफ्टी ओडूल हा नावाजलेला फलंदाज आणला होता. चाळिशीतल्या माणसानं विरुद्ध हातानं नवा खेळ शिकायचा, म्हणजे अंगाची सगळी सवय मोडायची. दंतकथेपेक्षा मला हे जास्त कौतुकाचं वाटतं. त्याची फलंदाजी अस्सल दिसते असं मी म्हणणार नाही. पण चालणं, उभं राहणं, टोपी काढताना संकोचणं, कुणी कौतुक केलं की नजर खाली घालणं, हे सगळं अचूक उतरलं आहे.

पडद्यावरचा बेब रूथ खरा आहे?

हो, साक्षात बेब रूथ. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, वजन वाढलं होतं. जुन्या दिवसांतला दिसावा म्हणून त्यानं ते झपाट्यानं उतरवलं आणि त्या नादात आजारीही पडला. त्याच्याबरोबर बिल डिकी, बॉब म्यूझल आणि मार्क कोनिग हे लूचे संघातले जुने सोबतीही स्वतःच्याच भूमिकांत आहेत.

आगगाडीतला प्रसंग चुकवू नका. रूथच्या कोऱ्या करकरीत स्ट्रॉ हॅटचे सगळे खेळाडू चोरून एकेक घास घेतात, नवख्या लूलाही चावायला लावतात, आणि पकडला जातो तो नेमका लूच. रूथ पडद्यावर आला की दृश्य त्याचं होऊन जातं. खऱ्या आयुष्यातही तसंच व्हायचं, त्यामुळे ते खटकत नाही.

चित्रपटानं एक गोष्ट मात्र गाळली आहे. घरगुती कारणावरून या दोघांचं बिनसलं होतं आणि कित्येक वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते. निरोपाच्या दिवशी रूथनं पुढे होऊन लूला मिठी मारली. त्या मिठीचा फोटो प्रसिद्ध आहे.

लूच्या आईचं काम इतकं गाजलं, ते का?

कारण ती बाई आपल्याकडच्या कुठल्याही चाळीत सापडेल. एल्सा यान्सेननं हे काम केलं आहे. ही आई विद्यापीठात स्वयंपाकीण म्हणून राबते, आणि भिंतीवर ऑटोमामाचा फोटो. हा मामा इंजिनियर, आणि लूनं त्याच्यासारखं व्हायचं. बेसबॉल म्हणजे उनाडक्या, हे तिचं मत ठाम.

मग ती आजारी पडते. दवाखान्याच्या खर्चासाठी लू गुपचूप यांकीजशी करार करतो. त्याला आधी हार्टफर्डच्या दुय्यम संघात पाठवतात, आणि आईची समजूत होते की मुलगा हार्वर्डला चालला. बाप आणि लेक मिळून तो गैरसमज तसाच राहू देतात. ल्यूडविग स्टोसेलनं रंगवलेला बाप बायकोच्या धाकातला, बेसबॉलचा चोरटा शौकीन. खरं उघड होतं तो प्रसंग बघताना हसू येतं आणि पोटात कालवतंही.

खरे गेरिग दांपत्य असंच कष्टकरी होतं. चार मुलांतलं एकटं लूच जगलं, हे कळलं की आईचा त्याच्यावरचा हक्क समजतो. सासू-सुनेमधली ओढाताण चित्रपटात घराच्या सजावटीवरून होणाऱ्या कुरबुरीपुरती आहे. प्रत्यक्षात ती पुष्कळ खोल होती.

चित्रपटातलं खरं किती आणि रचलेलं किती?

सांगाडा खरा, तपशील हवे तसे वळवलेले. काही ठळक गोष्टी सांगतो.

लग्नाचा प्रसंग अविश्वसनीय वाटतो, पण तो बराचसा खरा आहे. २९ सप्टेंबर १९३३ रोजी न्यू रोशेल इथल्या फ्लॅटमध्ये, कामगारांची ये-जा चालू असताना, तिथल्या महापौरांनी दोघांचं लग्न लावलं, आणि लगेच पोलिसांच्या मोटारसायकलींच्या बंदोबस्तात जोडपं स्टेडियमकडे निघालं. नवरदेवाला सामना होता.

वॉली पिपचं डोकं दुखत होतं म्हणून लूला संधी मिळाली, ही गोष्ट अमेरिकेत म्हणीसारखी वापरतात. वास्तविक संघ हरत होता आणि मॅनेजर मिलर हगिन्सला खेळाडू बदलून बघायचे होते.

दवाखान्यातल्या छोट्या बिलीला लू दोन होमरनचं वचन देतो आणि पुरं करतो, हा प्रसंग रचलेला आहे. त्याचं मूळ १९२६ च्या वर्ल्ड सिरीजच्या वेळच्या बेब रूथ आणि एका आजारी मुलाच्या हकिकतीत आहे. ती चित्रपटानं लूच्या नावे केली. निरोपाच्या दिवशी तोच बिली मोठा होऊन स्वतःच्या पायांनी चालत लूला भेटायला येतो. हे जुळवून आणलेलं आहे हे कळत असूनही ते लागतं, कारण एकाचे पाय चालू झालेले असतात तेव्हा दुसऱ्याचे थांबत आलेले असतात.

वॉल्टर ब्रेननचा सॅम ब्लेक आणि डॅन ड्युरियाचा हँक हॅनमन हे दोन पत्रकार काल्पनिक आहेत. हॅनमन रूथचा भक्त, त्याला लू नीरस वाटतो. ब्लेक म्हणतो, रोज काम चोख करणाराच खरा. चित्रपटाचा सगळा वाद या दोघांच्या तोंडी घातला आहे.

आणि आता सर्वांत मोठा बदल. चित्रपटात डॉक्टरांसमोर बसलेला लू विचारतो, तीन स्ट्राइक झाले का? डॉक्टर सांगतात, झाले. मग एलेनॉरला हे कळू देऊ नका अशी तो गळ घालतो. पण ती आत येते, त्याच्याकडे बघते आणि न सांगता ओळखते. प्रत्यक्षात गाडं उलट होतं. मेयो क्लिनिकनं १९ जून १९३९ रोजी, त्याच्या छत्तिसाव्या वाढदिवशी, निदान केलं. पुढे काय वाढून ठेवलं आहे ते त्याला स्पष्ट सांगू नका, अशी विनंती एलेनॉरनं डॉक्टरांना केली होती. सध्या आहे तसं राहण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे, असं लूनं तिला पत्रात लिहिलं. लपवणारी ती होती. चित्रपटानं हे ओझं नवऱ्याकडे दिलं आणि बायकोच्या वाट्याला ओळखणं आलं. मला खरी गोष्ट अधिक मोठी वाटते, पण टेरेसा राइटचा त्या दृश्यातला चेहरा बघितल्यावर पटकथाकारांशी भांडावंसं वाटत नाही.

शेवटचं भाषण जसंच्या तसं आहे का?

नाही, आणि फरक समजून घेण्यासारखा आहे.

४ जुलै १९३९. वॉशिंग्टन सेनेटर्सविरुद्ध एकाच दिवशी दोन सामने होते, त्यांच्या मधल्या वेळेत समारंभ ठेवला होता. ६१,८०८ प्रेक्षक. भेटवस्तूंचा ढीग, जुने-नवे सोबती दोन्ही बाजूंना. लूला बोलायचं नव्हतं. त्याला भरून आलं आहे, तो बोलू शकणार नाही, असं निवेदकानं सांगूनही टाकलं. पण लोक त्याच्या नावाचा गजर थांबवेनात, तेव्हा मॅनेजर जो मॅकार्थींनी त्याला माइककडे जायला लावलं आणि तो कागद न घेता बोलला. आज त्या भाषणातली मोजकी वाक्यंच न्यूजरीलवर शिल्लक आहेत. बाकीचं वृत्तपत्रांतल्या वृत्तान्तांवरून जुळवलेलं आहे.

मूळ भाषणात सर्वांत प्रसिद्ध वाक्य सुरुवातीलाच येतं: माझ्या वाट्याला आलेल्या वाईट गोष्टीबद्दल तुम्ही दोन आठवडे वाचत आहात, तरीही आज मी स्वतःला या पृथ्वीवरचा सर्वांत भाग्यवान माणूस समजतो. मग तो कारणं देत जातो. प्रतिस्पर्ध्यांनी भेट पाठवली, मैदानाची निगा राखणाऱ्या माणसांनी आठवण ठेवली, आईबापांनी जन्मभर राबून शिकवलं. स्वतःच्या लेकीशी भांडण झालं तर जावयाची बाजू घेणारी सासू मिळाली, हेही तो सांगतो. शेवट असा: माझं नशीब खडतर असेल, पण जगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे.

चित्रपटानं ते वाक्य उचलून अगदी शेवटी ठेवलं, जगण्याबद्दलचं वाक्य गाळलं आणि सासूही गाळली. नाट्याच्या हिशोबानं पहिला बदल योग्यच. कूपर ‘आज’ म्हणतो, थांबतो, पुन्हा ‘आज’ म्हणतो. स्टेडियमच्या ध्वनिवर्धकातून त्याचेच शब्द त्याच्यावर परत येतात. मग तो वळतो आणि बाहेर जाणाऱ्या बोगद्याच्या अंधारात निघून जातो. मागून पंचाची खेळ सुरू करण्याची हाक ऐकू येते. आजारपण नाही, मृत्यूशय्या नाही, अंत्ययात्रा नाही.

पण सासूबाई गेल्याचं मला खरंच वाईट वाटतं. मरण समोर दिसत असताना बासष्ट हजार लोकांपुढे सासूचे आभार मानणारा माणूस किती साधा आणि किती नीट घडलेला होता, हे त्या एका वाक्यात दिसतं.

१९४३ मध्ये कूपर पॅसिफिकमधल्या सैनिकांच्या करमणुकीसाठी न्यू गिनीकडे गेला होता. तिथं जवानांनी त्याच्याकडे मागणी केली ती याच भाषणाची. त्यानं थोडा वेळ मागून घेतला, आठवून कागदावर उतरवलं आणि म्हटलं. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या शंभर अविस्मरणीय संवादांच्या यादीत ते वाक्य ३८ व्या क्रमांकावर आहे.

चित्रपटात आजाराचं नाव का घेतलेलं नाही?

आजार होता एएलएस, म्हणजे अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरॉसिस. मेंदू आणि मज्जारज्जूतून स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरतात. हातापायांतली ताकद जाते, मग गिळणं, बोलणं, शेवटी श्वास. बहुतेक रुग्णांची बुद्धी आणि जाणीव शाबूत राहते, म्हणून तो अधिकच क्रूर. अमेरिकेत त्याला ‘लू गेरिग्ज डिसीज’ म्हणूनच ओळखतात. स्टीफन हॉकिंग यांना हाच आजार होता. २००१ च्या जानेवारीत ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) परिषदेसाठी मुंबईत आले होते, ते अनेकांना आठवत असेल. आजही तो बरा करणारं औषध नाही. गती थोडी मंदावणारी काही औषधं आहेत.

नाव टाळण्यामागे त्या काळचं वातावरण आहे. १९४० मध्ये एका वर्तमानपत्रानं लूचा आजार संसर्गजन्य असल्याचं सुचवलं होतं. त्याच्यामुळेच यांकीज हरत आहेत, असा त्या लेखाचा रोख होता. लू कोर्टात गेला आणि प्रकरण तडजोडीनं मिटलं. आजाराचं नाव काढलं की लोकांच्या मनात भीती यायची, सहानुभूती मागून. चित्रपटानं आजार दाखवला तो खेळात. हुकलेले फटके, सोपे चेंडू न अडणं, कपडे बदलताना तोल जाणं. कपड्यांच्या खोलीत कुणीतरी लूबद्दल वाकडं बोलतो आणि बिल डिकी त्याला ठोसा लगावतो. १९३९ च्या हंगामात लूनं आठ सामने खेळून २८ संधींत फक्त चार फटके मारले होते. २ मे रोजी डेट्रॉइटमध्ये त्यानं स्वतःच मॅनेजरला सांगितलं, की आज मला बसवा.

ऑस्कर किती मिळाले?

नामांकनं ११, पुरस्कार एक, तो संकलनासाठी डॅनियल मँडेलला. त्या वर्षी ‘मिसेस मिनिव्हर’नं बाजी मारली. टेरेसा राइटला या चित्रपटासाठी मुख्य अभिनेत्रीचं आणि ‘मिसेस मिनिव्हर’साठी सहायक अभिनेत्रीचं अशी एकाच वर्षी दोन नामांकनं होती. दुसरं तिनं जिंकलं. कारकिर्दीच्या पहिल्या तिन्ही चित्रपटांना नामांकन, अशी तिची सुरुवात होती. २०२४ मध्ये हा चित्रपट अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, गेला.

काही उणिवा?

आहेत. विद्यार्थिदशेतला लू चाळिशीचा दिसतो, कारण कूपर तेव्हा चाळीस वर्षांचा होता. मधला नाचगाण्याचा भाग लांबतो. निवृत्तीनंतर, अंगात बळ असेपर्यंत, लूनं न्यू यॉर्क शहराच्या पॅरोल मंडळावर काम केलं. पुढारी म्हणून मिरवण्यापेक्षा ते काम त्यानं मनापासून केलं, पण चित्रपटात त्याचा मागमूस नाही. आणि पडद्यावरचं बेसबॉलचं जग पूर्णपणे गोऱ्यांचं आहे. ते त्या काळाशी प्रामाणिक असलं, तरी जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये आला तोवर कृष्णवर्णीय खेळाडूंना मोठ्या लीगमध्ये प्रवेश नव्हता, हे आपण विसरू नये.

रंगीत आवृत्ती बघावी की कृष्णधवल?

कृष्णधवलच. संगणकानं रंगवलेली आवृत्ती आहे, पण रुडॉल्फ माटेचं छायाचित्रण सावल्यांवर उभं आहे. शेवटचा बोगदा रंगीत बघून काहीच हाती लागत नाही.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लूच्या आठवणी कुठे बघता येतील?

चित्रपटातले सामने मुख्यत्वे लॉस एंजेलिसच्या रिग्ली फील्डवर चित्रित झाले, त्यामुळे चित्रीकरणाच्या जागा तुमच्या बाजूला नाहीत. जुनं यांकी स्टेडियमही पाडलं गेलं आहे. पण ब्राँक्समधल्या नव्या स्टेडियमच्या मॉन्युमेंट पार्कमध्ये लूचं स्मारक आहे, आणि ४ हा त्याचा क्रमांक तिथं कायमचा राखून ठेवला आहे. मोठ्या लीगमध्ये एखाद्या खेळाडूचा क्रमांक निवृत्त करण्याची प्रथा त्याच्यापासूनच पडली. २०२१ पासून दर वर्षी २ जूनला सगळ्या मैदानांवर लू गेरिग दिन पाळतात. त्या सुमारास सामन्याला जाता आलं तर उत्तम.

सवड असेल तर कूपर्सटाउनचं हॉल ऑफ फेम संग्रहालय गाठा. वर्ल्ड सिरीजच्या अंगठ्या आणि पदकं गुंफून लूनं एलेनॉरसाठी जे कडं करवलं होतं, ते त्या संग्रहालयाकडे आहे. चित्रपटातही ते कडं देण्याचा प्रसंग आहे. एलेनॉरनं पुन्हा लग्न केलं नाही. १९८४ पर्यंत ती जगली, आणि एएलएसच्या संशोधनासाठी झटत राहिली.

यानंतर काय बघू?

सॅम वुडचाच ‘द स्ट्रॅटन स्टोरी’ (१९४९) आधी बघा. पाय गमावलेल्या गोलंदाजाची खरी गोष्ट, जेम्स स्टुअर्ट नायक. ‘द जॅकी रॉबिन्सन स्टोरी’ (१९५०) मध्ये रॉबिन्सननं स्वतःच स्वतःची भूमिका केली आहे. चित्रपट म्हणून बेताचा, पण तो माणूस पडद्यावर प्रत्यक्ष दिसतो यासाठी बघावा. ‘फिअर स्ट्राइक्स आउट’ (१९५७) मानसिक आजाराशी झगडणाऱ्या जिमी पिअरसॉलवर आहे आणि त्यात अँथनी पर्किन्सचं काम जबरदस्त आहे. ‘द बेब रूथ स्टोरी’ (१९४८) मात्र सोडून दिलात तरी चालेल. रूथला बघायचं असेल तर आगगाडीतला हॅटचा प्रसंग पुन्हा लावा.